पौषातला परवाना

मी जात्याच भित्री आहे. जिभेनं नाही, तिच्याबाबतीत सगळं मार्केट यार्ड साक्ष देईल. पण काळजानं भित्री. घरात काही पडल्याचा आवाज झाला की हातातलं टाकून धावते. ताटली असो, पुस्तक असो, वरच्या मजल्यावरच्या बाईंची बादली असो. धावत जाऊन बघते आणि मग ‘काय गं, काय पडलं?’ असं जमेल तितक्या साध्या आवाजात विचारते. लेक म्हणते, “मी नाही पडले, चमचा पडला.” तिचं ते उत्तर आता ठरून गेलंय.

लेकीला आकडी येते. डॉक्टर फिट म्हणतात, आमच्या सासूबाई फेफरं म्हणायच्या, आम्ही घरात नुसतं ‘ते’ म्हणतो. दहावीत पहिल्यांदा आलं. गोळ्या चालू आहेत, पुष्कळ कमी झालंय, पण थांबलेलं नाही. काही जणांना आधी कळतं म्हणे, डोळ्यांपुढं चमकतं, वास येतो. तिला काहीच कळत नाही. बोलता बोलता वाक्य अर्धं राहतं आणि ती खाली असते. म्हणून आमच्या धायरीच्या घरात बाथरूमला कडी नाही, ओट्याच्या कोपऱ्यांना फोमच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, आणि ती बी.कॉम. घरून करते. तिचे बाबा रांजणगावच्या कंपनीत आहेत. उजाडायच्या आत कंपनीची बस पकडतात ते दिवेलागणीनंतर परततात. दिवसभर तिच्यापाशी मी. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती: आकडी आली की कोणीतरी जवळ हवं. कुशीवर वळवायचं, डोकं आपटू द्यायचं नाही, बाकी काही करायचं नाही. बाकी काही करायचं नसतं हे ऐकायला सोपं वाटतं.

मी घरात राहू शकते, कारण माझी नोकरी घरात येते. मार्केट यार्डात गूळ-भुसाराचं एक जुनं दुकान आहे, तिथले हिशेब मी बघते. टाळेबंदीत सगळेच घरी बसले तेव्हा शेठनी दुकानात एक सर्व्हर बसवून घेतला. सर्व्हर म्हणजे गादीच्या मागच्या खोलीत, गुळाच्या ढेपांपासून दूर, पंख्याखाली ठेवलेला मोठा संगणक. आम्ही घरून आमचा लॅपटॉप त्याला जोडायचा आणि दुकानात बसल्यासारखं काम करायचं. टाळेबंदी संपली, बाकीचे परत गादीवर गेले, घरी दोघंच उरलो. मी आणि बिबवेवाडीचे मुनीमकाका, ज्यांचे दोन्ही गुडघे जिना बघूनच दुखायला लागतात. लेकीबद्दल शेठना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “ताई, बिलं वेळेवर निघाली पाहिजेत. ती तुम्ही यार्डातून काढा नाहीतर हिमालयातून.” शेठ असेच आहेत. माणूस वाईट नाही, पण व्यवहार आधी.

मागच्या उन्हाळ्यात जुना सर्व्हर जळाला. नवीन आला. तो बसवायला आलेला गृहस्थ चाळिशीतला, पोट सुटलेला, आम्ही त्याला सर्व्हरवाला म्हणतो. त्यानं जाताना सांगितलं, “मॅडम, बाहेरून कनेक्ट होणाऱ्यांना लायसन लागतं. आत्ता ट्रायलवर आहे. दसऱ्याच्या आसपास संपेल. तोपर्यंत घेऊन टाका.”

“आणि नाही घेतलं तर?”

“मग बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही.”

तो सहज बोलून गेला. बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही म्हणजे मला आतच जाऊन बसावं लागणार, आणि मी यार्डात गेले तर धायरीत लेकीपाशी कोण? नोकरी सोडावी तर तिच्या गोळ्या, तिच्या तपासण्या, डोक्याला तारा लावून काढतात तो आलेख, हे सगळं एका पगारात भागत नाही. परवाना त्या दुकानाचा होता, पण टांगणीला माझं घर लागलं होतं.

शेठना मी तेव्हाच सांगितलं. त्यांना पटेचना.

“दुकान माझं,” ते म्हणाले, “दार माझं. सर्व्हर मी रोख मोजून घेतलाय. माणसं माझ्या पगाराची. आणि माझ्या माणसांनी माझ्या दुकानात यायचं तर परवाना तिसऱ्याकडून घ्यायचा? हे कुठलं गणित?”

गणित मलाही पटत नव्हतं, पण मला ते पटवून द्यायचं होतं. मी म्हटलं, “शेठ, यार्डात आपली गाडी आपला माल घेऊन येते, तरी गेटवर पावती फाडतोच ना?” हे त्यांना कळलं. कळलं म्हणून ते आणखी चिडले. मग घासाघीस सुरू झाली. हे परवाने पाचाच्या पुडक्यात मिळतात. आम्हाला लागणार दोन. शेठनी सर्व्हरवाल्याला विचारलं, पुडकं फोडून देता का. नाही. मग पाचावर एक वर देता का. नाही. एका ओळखीच्यानं फोनवर कुठलीशी जाहिरात पाठवली, चतकोर भावात परवाने. शेठचे डोळे लकाकले. मी हात जोडले. म्हटलं, उद्या तो परवाना खोटा निघून सगळं बंद पडलं तर तुमच्या दुकानाला कुलूप लागणार नाही, माझ्या घराला लागेल. हे मी जरा मोठ्यानं म्हटलं असावं, कारण शेठनी ती जाहिरात पुसली आणि ‘बरं, खरेच घेऊ’ म्हणाले.

पण कधी? त्यानंतर पितृपंधरवडा लागला.

पितृपंधरवड्यात शेठ साधा झाडूसुद्धा विकत घेत नाहीत. मी रोज सकाळी लॅपटॉप उघडायची आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी सूचना यायची, मुदत संपत आल्याची. बाकीच्यांना ती माशीसारखी वाटली असती, हाताने बाजूला केली की झालं. मला तिच्याकडे बघवत नसे. लेक शेजारी अभ्यास करत बसलेली असायची. मी ती सूचना तिला दिसायच्या आत पुसायची. तिनं एकदा विचारलं, “आई, ते संपलं की तुला रोज जावं लागेल ना?” म्हणजे तिनं वाचलं होतं. मी म्हटलं, “शेठ घेतायत नवीन. तू पुस्तकात बघ.”

घ्यायचं ठरलं दसऱ्याला. साडेतीन मुहूर्तांतला एक, शेठ खुशीत होते. सर्व्हरवाल्यानं फोनवर शेवटचा प्रश्न विचारला, “शेठ, माणसावर घ्यायचे की मशीनवर? माणसावर घेतले तर तो माणूस कुठल्याही मशीनवरून येऊ शकतो. मशीनवर घेतले तर ते मशीन धरून ठेवतं.”

शेठनी क्षणाचाही विचार केला नाही. “माणसं सोडून जातात. मशीन कुठं जाणार? मशीनवर घ्या.”

मी फोनवर ऐकत होते. मलाही ते बरोबरच वाटलं. इतक्या वर्षांत दुकानातली किती माणसं आली-गेली, आणि तराजू तोच.

दसऱ्याला दुकानात पूजा होती. मी लेकीला घेऊनच गेले होते. तराजूला, गल्ल्याला, सर्व्हरला झेंडूचे हार. सर्व्हरवाल्यानं परवाने चढवले आणि म्हणाला, “झालं, आता कोणीतरी कनेक्ट होऊन बघा.” मी पिशवीतून लॅपटॉप काढत होते, तेवढ्यात शेठ म्हणाले, “थांबा ताई. पहिला मान घरच्यांचा.”

त्यांच्याकडे रीतच आहे. नवीन चोपडी आली की पहिल्या पानाला घरातल्या प्रत्येकानं हात लावायचा, शेठाणींनी कुंकू लावायचं, मग मुनिमानं लिहायला घ्यायचं. आता चोपडी नाही, तर सर्व्हर. शेठनी आपल्या मोबाइलवरून दुकान उघडलं. मग शेठाणींनी आपल्या. मग दोन्ही मुलांनी. मग नातवाच्या टॅबवर, त्याचं बोट धरून. पडद्यावर दुकानाचं नाव आलं की सगळे टाळ्या वाजवत होते. फोटो काढायचा राहिला म्हणून सगळ्यांनी मोबाइलवरचं ते बंद करून पुन्हा एकदा एकत्र उघडलं. शेठाणींनी पाचही यंत्रांना कुंकवाचं बोट लावलं. आम्ही आपट्याची पानं वाटली, पेढे खाल्ले. लेक त्या दिवशी छान हसत होती, शेठाणींनी तिला ओटीत नारळ दिला. सर्व्हरवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पूजेला पळाला होता. त्या दिवशी मला कशाचीच भीती वाटली नाही, हे नंतर आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरळीत सुरू झालं. कोपऱ्यातली सूचना गेली. शेठना मात्र चटक लागली. दिवसातून दहा वेळा मोबाइलवर दुकान उघडून बघायचे, आजची विक्री किती झाली. मुलंही बघायची. शेठाणी दुपारी टॅबवरून बघायच्या, मग मोबाइलवरून बघायच्या. आम्हाला काय, दुकान त्यांचं.

पौष लागला. संक्रांत जवळ आली. गुळाच्या दुकानाला संक्रांत म्हणजे काय हे सांगायला नको. ट्रकमागून ट्रक, तिळाची पोती, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांची घाई, प्रत्येक गाडीमागं बिल आणि वाटेत दाखवायचं ई-वे बिल. भोगीच्या सकाळी मी बाजरीची भाकरी थापून, भाजी टाकून लॅपटॉप उघडला. पासवर्ड घातला. पडदा क्षणभर काळा झाला आणि इंग्रजीत एक चौकट आली. अर्थ एवढाच, की तुमच्या संगणकाला परवाना नाही.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. मुनीमकाकांना फोन लावला, त्यांच्याकडेही तेच. सर्व्हरवाल्याचा फोन लागेना. आणि तेवढ्यात शेठचा आला.

“ताई, गाड्या उभ्या आहेत. गादीवरच्या एका संगणकावर किती काढणार? तुम्ही या.”

“शेठ, लेक एकटी आहे.”

“शेजारी कोणी नाही का? एक दिवस या. ड्रायव्हर बोंबलतायत इथं.”

शेजारच्या काकू होत्या. त्या म्हणाल्या, जा तू, मी येऊन-जाऊन बघते. लेक म्हणाली, “आई, जा ना. मी पलंगावरून उतरणार नाही. गोळी घेतलीये. स्वयंपाकघरात जाणार नाही. आणखी काय?” तिनं सकाळी पिवळा ड्रेस घातला होता. दारात उभी राहून तिनं मला बाय केलं, लहान असताना शाळेच्या रिक्षातून करायची तसं. मी जिना उतरताना प्रत्येक पायरीला कान मागं ठेवून उतरले.

बस सिंहगड रस्त्यावर अडकली. स्वारगेटला उतरून पुढची मिळेपर्यंत मी तिला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उचलला. दुसऱ्यांदा म्हणाली, “अगं, तू पोहोच तरी.” गादीवर बसले तेव्हा समोर ड्रायव्हर, हमाल, शेठ, सगळे एकदम बोलत होते. बिलं काढायला घेतली. बोटं चालत होती, पण प्रत्येक पोतं खाली आदळलं की मी दचकत होते. यार्डात तर दिवसभर पोतीच आदळतात.

दुपारच्या सुमारास सर्व्हरवाला आला. मागच्या खोलीत बसून त्यानं बराच वेळ काय काय उघडलं आणि मग कपाळावर हात मारला.

“शेठ, हे पाच लायसन कोणाला दिलेत?”

“ताईंना आणि मुनीमकाकांना. आणखी कोणाला?”

“नाही ना. पाचही मोबाइलवर गेलीत.” त्यानं पडदा वळवला. ओळीनं शेठचा मोबाइल, शेठाणींचा, दोन मुलांचे, आणि नातवाचा टॅब.

त्यानं सांगितलं ते आम्हाला लगेच कळलं, कारण ते यार्डाच्याच भाषेत होतं. नवं यंत्र पहिल्यांदा आलं की सर्व्हर त्याला आधी कच्चा परवाना देतो. ते दुसऱ्यांदा आलं की पक्का. दसऱ्याला घरच्यांनी दोनदा उघडलं, पाचही पक्के तिथंच संपले. आम्ही दुसऱ्या दिवसापासून कच्च्यावर चाललो होतो. कच्च्याची मुदत आज संपली.

“मग त्यांच्याकडून काढून यांना द्या,” मी म्हटलं.

“पाचातला एकच काढता येतो मॅडम. नंतर बरेच दिवस दुसरा नाही. नाहीतर नवीन पुडकं घ्या, यावेळी माणसावर. तासाभरात होईल.”

मी शेठकडे बघितलं. शेठ छताकडे बघत होते. मला त्यांचं उत्तर ते बोलायच्या आधीच ऐकू आलं.

“पौष चाललाय,” ते म्हणाले. “उद्या संक्रांत, परवा करीचा अशुभ दिवस. नवीन काही घ्यायचं तर पौष संपू दे. आणि दसऱ्याला दिलेलं परत काढून घ्यायचं म्हणता? कुंकू लावलंय त्याला. असं करा ताई, महिनाभर तुम्ही इथंच येत जा.”

महिनाभर. मी खरंतर रडायला हवं होतं. माझं उलटं होतं. फार घाबरले की मला राग येतो. सगळी गादी ऐकत असताना मी म्हणाले, “शेठ, मुहूर्त तुमच्या घरचा आहे, आकडी माझ्या घरात येते. तिला पौष कळत नाही. ती पंचांग बघून येत नाही.”

शेठचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, गेली नोकरी. परवाना, घर, सगळं माझ्याच जिभेनं घालवलं. शेठनी खिशातून मोबाइल काढला, त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं आणि सर्व्हरवाल्याला म्हणाले, “माझ्यावरचा काढा.”

सर्व्हरवाल्यानं काढला. म्हणाला, “एक मोकळा झालाय. आता जे मशीन आधी कनेक्ट होईल ते उचलेल. मॅडम, तुमचं मशीन घरी आहे ना? कोणाला तरी कनेक्ट करायला सांगा पटकन. काकांनी आधी केलं तर त्यांना जाईल.”

मी लेकीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वाजत राहिली. मला आठवतंय, पहिल्या दोन वेळा मी ‘उचल गं, परवाना जाईल’ असं पुटपुटत होते. तिसऱ्या वेळी परवाना डोक्यातून गेला. ती फोन कधीच असा वाजू देत नाही. फोन तिच्या हाताला चिकटलेला असतो, त्यावरून तर आमची भांडणं होतात. शेजारच्या काकूंना लावला. त्या म्हणाल्या, “अगं, मी जरा सुगडं आणायला आलेय वडगावला. मघाशी बघून आले तेव्हा मस्त होती.” मघाशी म्हणजे कधी, हे मला विचारता आलं नाही. मी पुन्हा लेकीचाच नंबर लावत होते.

“घेतलं, घेतलं!” सर्व्हरवाला मागून ओरडला. “मॅडम, तुमच्याच मशीननं घेतलं.” पडद्यावर नाव होतं, धायरी. त्यानंच बसवताना प्रत्येक लॅपटॉपला गावाचं नाव दिलं होतं.

मी पोत्यावर बसले. म्हणजे ती आहे, बसली आहे, तिनंच जोडलंय. मग पुन्हा फोन लावला. रिंग वाजत राहिली. लॅपटॉपसमोर बसलेली मुलगी हाताशी असलेला फोन का उचलत नाही?

मी सर्व्हरवाल्याला विचारलं, “लॅपटॉप आपोआप जोडला जातो का? कोणी नसताना?”

तो खांदे उडवून म्हणाला, “सकाळपासून चालू ठेवला असेल तर ट्राय करत राहतो कधीकधी. सांगता येत नाही.”

सांगता येत नाही. मी पर्स घेतली आणि कोणालाही न सांगता बाहेर पडले. मागून शेठचा आवाज आला, “जा ताई, बिलं घरून काढा,” आणि मग हळू, “पोहोचल्यावर कळवा.”

रिक्षा मिळाली, पण सिंहगड रस्ता सणाच्या गर्दीनं तुंबला होता. हातगाड्यांवर ऊस, बोरं, हरभऱ्याचे डहाळे. बायका सुगडं निवडत होत्या, वाजवून बघत होत्या. मी प्रत्येक सिग्नलला फोन लावत होते. डोळ्यांपुढं एकच चित्र: ती पलंग आणि भिंतीच्या मधे, तोंड उशीत, आणि टेबलावर लॅपटॉप आपला आपण जोडला गेलेला, पडद्यावर दुकानाचं नाव झळकतंय. मला तो परवाना मिळाल्याचीच भीती वाटायला लागली. देवाला सांगितलं, हवं तर हा परत घे. असली देवघेव देव करत नाही हे मला माहीत आहे, शेठसारखाच तोही आपल्या मुहूर्तावर चालतो. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि काही न विचारता गल्लीतून गाडी घातली.

जिना कसा चढले आठवत नाही. किल्ली कुलपात जाईना. दार उघडलं.

ती टेबलाशी बसली होती. लॅपटॉपवर दुकान उघडं होतं, आजच्या बिलांचं पान. मला बघून तिनं अंगठा वर केला आणि ओठ मिटून हसली.

मी दाराला धरून उभी राहिले. आणि लगेच मी ओरडले, “फोन का उचलत नाहीस? मेले ना मी तिकडं!” ती काही बोलली नाही. पडद्याकडे बोट दाखवलं, बघ, लागलंय. मी आत आले, चपला काढल्या, पाणी प्यायले. मग मला दिसायला लागलं. तिच्या अंगात पिवळा ड्रेस नव्हता, निळा होता. पलंगावरची चादर बदललेली होती. फरशी ओलसर होती. आणि तिच्या हाताशी वाटी होती, दहीभाताची.

सकाळी मी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करून गेले होते. तिला ती भाजी वर्षभर आठवते. दहीभात ती एरवी तोंडात घालत नाही. एकाच वेळी खाते, जेव्हा दुसरं काही चावता येत नाही.

“आ कर,” मी म्हटलं.

तिनं मान हलवली.

“आ कर म्हणते ना.”

तिनं तोंड उघडलं. जीभ एका बाजूनं चावलेली होती, सुजलेली, कडेला रक्त साकळलेलं.

मी तिच्याशेजारी खाली बसले. कधी आलं, विचारलं. तिनं जड जिभेनं, एकेक शब्द सांभाळत सांगितलं. काकू बघून गेल्या, त्यानंतर थोड्या वेळानं. जाग आली तेव्हा जमिनीवर होती. डोकं लागलं नाही, बहुतेक. मग तिनं चादर भिजत घातली, फरशी पुसली, कपडे बदलले आणि लॅपटॉपसमोर येऊन बसली. पासवर्ड तिला पाठ होता. सकाळपासून ती मधूनमधून करूनच बघत होती, लागतंय का. लागतच नव्हतं. मग एकदम लागलं.

“आणि फोन?”

“बोलले असते तर तुला आवाजावरून कळलं असतं.”

“कळायलाच हवं होतं!”

“मग तू काम टाकून आली असतीस. शेठ रागावले असते.” जरा थांबून तिनं विचारलं, “आता तुला रोज जावं लागणार नाही ना?”

मी नाही म्हटलं. शेठना निरोप पाठवला, लेक ठीक आहे. उरलेली बिलं मी तिच्याशेजारी बसून काढली. ती पलंगावर झोपली होती आणि मी एका हातानं टाइप करत होते, दुसरा तिच्या पाठीवर होता.

करीच्या दिवशी शेठनी नवीन पुडकं मागवलं. पौषात, वर करीच्या दिवशी. मुनीमकाका म्हणतात, चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही. परवाने यावेळी माणसांवर घेतलेत. शेठ मला त्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत आणि मीही काढला नाही. आम्ही दोघं तसे सारखेच.

आता माझा परवाना पक्का आहे. माझ्या नावावर आहे, कोणी काढून घेऊ शकत नाही. मी दिवसभर घरीच असते. पण बाजारात जाऊन यायला, दूध आणायला, खाली कचरा टाकायला माणसाला जावंच लागतं, आणि परत आल्यावर मी विचारते, काही झालं नाही ना? ती म्हणते, काही नाही झालं. अगदी सहज म्हणते. पूर्वी मला पडल्याच्या आवाजाची भीती वाटायची. आता घर शांत असलं तरी वाटते.

परवा संध्याकाळी मी भाजी घेऊन वर आले. तिनं आतूनच विचारलं, “आई, दही आहे का गं?”

पिशवी दारातच ठेवली आणि आत गेले. म्हटलं, “आ कर.”